फोर्ट कोचीचं ताट

"हात दाखवा."

हे म्हणताना सिस्टरचे स्वतःचे हात पाठीमागे बांधलेले असायचे. एप्रिलच्या उन्हात, पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत, त्यांच्या गच्चीवर बायका रांगेनं उभ्या राहायच्या आणि कोपरापर्यंत धुतलेले हात पुढे करायच्या. सिस्टर एकेक पंजा उलटसुलट करून बघायच्या, नखांच्या कडा दाबायच्या आणि कुठे जरा काळं दिसलं की नुसत्या मानेनं नळाकडे खूण करायच्या. मग कुरड्यांच्या चिकाला हात लावायची परवानगी मिळायची.

मी एकदा चहाची किटली घेऊन वर गेलो, तर मलाही थांबवलं.

"गुरुजी, तुम्ही बी."

"मी फक्त चहा द्यायला आलो."

"चहा हातानंच देता ना?"

शाळेत जन्मभर पोरांची नखं मीच तपासली होती; आता निमूटपणे हात पुढे केले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, त्यात माझी बायको सगळ्यांत पुढे होती.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. गाव हिंगणी, बोर धरणाजवळचं. एकट्याच राहायच्या. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. लहानांना इंजेक्शन, म्हाताऱ्यांचं बीपी, बाळंतिणीला काय द्यायचं आणि काय नाही, सगळ्याला सिस्टर. त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, त्यामुळे गल्लीला जे माहीत व्हायचं ते माहीत होतं. त्यावर कुणी बोलत नसे. आमच्या गल्लीचा हा मोठेपणा आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "खाल्लं त खाल्लं म्हनाव." ते वॉर्डातून आलं होतं. ऑपरेशनआधी उपाशी राहा म्हटलेले पेशंट चोरून भजी खायचे आणि विचारलं की देवाची शपथ घ्यायचे. "खाल्लं म्हनलं त काही इलाज करता येते, गुरुजी. नाई म्हनलं त डॉक्टर फसते अन् हा टेबलावर मरते." पुढे हे वाक्य त्या कशालाही लावत. कुणाच्या पोरानं डब्यातला लाडू पळवला तरी तेच, आणि कुणाच्या नवऱ्यानं दारूबंदीच्या जिल्ह्यात राहून काय प्यायलं त्यालाही तेच.

बायकांचा गट त्यांनीच उभा केला. कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या. गच्ची त्यांची, मोठं पातेलं त्यांचं, शिस्त त्यांची. माल विकला जायचा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून. दुकानवाल्या काकूंची सून गटात होती. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. आली तेव्हा मान वर करून बोलत नसे. सिस्टरनं तिच्या हातात चीक घोटायचा दांडा दिला, आणि दोन उन्हाळ्यांत ती गटातली सगळ्यांत पक्क्या हाताची झाली.

गटाला बरे दिवस आले तेव्हा सहलीचं निघालं. बाकीच्या तीर्थाची नावं घेत होत्या. सिस्टर म्हणाल्या, "मले समुद्र पाहाचा हाय. अन् त्याच्या काठावर बसून त्याचा मासा खाचा हाय. धरनाचा लय खाल्ला." दवाखान्यातल्या केरळच्या एका नर्सनं त्यांना फोर्ट कोचीचं इतकं सांगितलं होतं की त्यांना तिथले रस्तेही पाठ होते. दुकानवाल्या काकू सुनेला सोडेनात, तर सिस्टर स्वतः जाऊन जबाबदारी घेऊन आल्या. सामान राखायला एक पुरुष हवा म्हणून मला घेतलं. सेवाग्राम स्टेशनावरून आमची वरात दक्षिणेला निघाली.

त्या बंदराची मला अजून आठवण येते, आणि आता राग आल्याशिवाय येत नाही. बोटीतून उतरलो तर समोर ती प्रचंड चिनी जाळी, लाकडी दांड्यांना टांगलेली. माणसं दोर ओढायची, वजनाला बांधलेले दगड खाली यायचे आणि जाळं पाण्यातून वर निघायचं. इतक्या खटाटोपात मूठभर मासे निघालेले बघून आमच्या बायका हळहळल्या. जुन्या गोदामांच्या गल्लीत सुंठीचा आणि मिऱ्यांचा वास असा भरला होता की सगळ्याजणी शिंकत चालत होत्या. परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं, जाड भिंती, रस्त्यावर सावली धरणारी अवाढव्य झाडं. सिस्टर पुढे, हात पाठीमागे, राउंडला निघाल्यासारख्या.

काठावर मासे विकत घ्यायचे आणि बाजूच्या टपरीवाल्याकडे शिजवायला द्यायचे, अशी तिथली पद्धत. सिस्टरनं झिंगे घेतले आणि एक काळसर चपटा मासा घेतला. टपरीवाला मसाला लावणार तेवढ्यात त्यांनी त्याला थांबवलं आणि स्वतःचे पंजे पालथे-उताणे करून दाखवले. भाषा कळायचं कारणच नव्हतं. तो गडी हसला, हात धुऊन आला आणि दोन्ही पंजे त्यांच्यापुढे धरले. सिस्टरनं नखं बघून मान डोलावली.

मासा केळीच्या पानात भाजून आला. बायकांनी आपल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली होती, पण डोळे ताटात. सिस्टरनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. कुणी तरी विचारलं, "कसा लागते?"

"सांगता नाई येत. खाऊन पाहा."

आधी माझ्याच बायकोनं हात घातला. मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. ताट एकच होतं, मोठं, स्टीलचं. सिस्टर काटे काढून एकेकीपुढे गर सरकवत होत्या. दुकानवाल्यांची सून तेवढी मागे बसली होती.

"तुले कोनी खा म्हनत नाई," सिस्टर तिला म्हणाल्या, "अन् कोनी नको बी म्हनत नाई. तुही मर्जी."

ती पुढे सरकली आणि मग थांबेचना. बोटं चाटत होती, हसत होती. लग्नानंतर तिला इतकं मोकळं हसताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. टपरीवाल्यानं सिस्टरच्या फोनवर फोटो काढला. मग मी जुनं चर्च बघायला गेलो. परत आलो तर ताट चाटूनपुसून स्वच्छ झालं होतं आणि बायका एकमेकींना बजावत होत्या.

"सिस्टर, घरी सांगू नका हो."

"काऊन? खाल्लं त खाल्लं म्हनाव."

"नाई जी, तुम्हाले आमची शपथ."

सिस्टरनं ताट उचलून बाजूला ठेवलं. "बरं. माह्या पोटात राहीन."

मी बायकोला चिडवलं, "आपल्या घरी कुणापासून लपवायचंय? रविवारी मटण आणतो तोच मी आहे ना!" तिनं मान फिरवली. मला वाटलं, लाजली.

घरी आल्यावर सिस्टरनं त्या फोटोची मोठी प्रत करून घेतली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून स्टुडिओवाल्याला सांगून बाकीच्या सगळ्या कापून टाकल्या. फ्रेममध्ये फक्त सिस्टर, मागे चिनी जाळी आणि पुढे ते ताट. फोटो बुद्धाच्या समोरच्या भिंतीवर लागला. दुसऱ्यांच्या नखातला कण दिसणाऱ्या त्या बाईला एक गोष्ट मात्र दिसली नाही. ताटाच्या कडेला एक हात उरला होता. मनगटापर्यंतच, आरशांच्या लाखेच्या बांगड्या घातलेला.

एप्रिलमध्ये दुकानवाल्या काकू बीपी मोजायला सिस्टरकडे आल्या. खुर्ची फोटोखाली होती, पण उठताना त्यांनी फोटो पाहिला. तो भिंतीवरून काढला आणि तसाच छातीशी धरून जिना चढून गच्चीवर आल्या. त्याआधी त्या गच्चीवर कधी आल्या नव्हत्या. मी तेव्हा चहा घेऊन वरच होतो. सून पातेल्यापाशी चीक घोटत होती. सासू दिसताच तिनं पदर मनगटावर ओढला.

"सिस्टर," काकू म्हणाल्या, "तुमचं खानंपिनं तुमच्या घरी, आम्हाले काही म्हनाचं नाई. पन हा हात कोनाचा?"

सिस्टरनं फोटो हातात घेतला. एकदा बघितला. एकदा, फक्त एकदाच, त्यांची नजर पातेल्याकडे गेली.

"त्या टपरीवाल्याच्या बायकोचा."

"अशा बांगड्या?"

"तिकडं बी बाया बांगड्या घालतेत, काकू."

"अन् ह्या बाकीच्या? ह्या बी जेवल्या असतीन तुमच्या ताटात?"

'तुमच्या ताटात.' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बायकोला मासा लपवायचा नव्हताच. ताट लपवायचं होतं.

"नाई," सिस्टर म्हणाल्या. "त्यायनं दशम्या खाल्ल्या. मी एकटीनंच खाल्लं."

मला राहवलं नाही. मी किटली खाली आदळली. "खोटं आहे हे! मी होतो तिथे. सगळ्यांनी खाल्लं. माझ्या बायकोनं सगळ्यांत आधी खाल्लं!"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. इतक्या शांतपणे त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. "गुरुजी, तुम्ही तवा चर्च पाहाले गेलते. तुम्हाले काय माहीत?"

"यायले काही समजत नाई," माझी बायको म्हणाली. "उगाच बोलतेत."

बाकीच्यांनी माना हलवल्या.

"मग त झालंच," काकू म्हणाल्या. "पाहा सिस्टर, माल आमच्या दुकानातून जाते. लोकायच्या नैवेद्याच्या ताटात जाते. आता लोक विचारून राह्यले, कोनाच्या हातचं हाय म्हनून. तुम्ही खाली बसून देखरेख करा. चिकाले हात नका लावू."

सिस्टरनं आपले दोन्ही पंजे पुढे घेतले, पालथे केले, उताणे केले. नखं बघितली. मग कमरेचा अ‍ॅप्रन सोडून दोरीवर टाकला.

"बरं," त्या म्हणाल्या. पातेल्याकडे बघून म्हणाल्या, "चीक लागून राह्यला, पोरी. हलव."

आणि जिना उतरून गेल्या. घर त्यांचं, गच्ची त्यांची, पातेलं त्यांचं. वर बायकांनी त्या दिवशीच्या कुरड्या पूर्ण घातल्या. एकीचाही हात थांबला नाही. मी इतकी वर्षं ज्याला गल्लीचा मोठेपणा म्हणत होतो, तो त्या कुरड्यांबरोबर उन्हात पसरलेला पाहिला. माशाचं नुसतं निमित्त होतं. गल्लीतल्या निम्म्या घरांत मटण शिजतं, त्या हातांना कुणी चिकापासून दूर बसवलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि बायकोनं मला जेवा म्हटलं नाही.

गट मग दुसऱ्या गच्चीवर गेला. सिस्टरनं त्या वर्षीच घर विकलं आणि हिंगणीला भावाकडे राहायला गेल्या.

मी एकदा जाऊन आलो. त्यांनी धरणाचा मासा केला होता. फोर्ट कोचीचा फोटो तिथेही भिंतीवर होता, हात तसाच ठेवलेला. मी जेवता जेवता विचारलं, "खाल्लं तर खाल्लं म्हणावं, असं जन्मभर सांगितलंत. मग त्या दिवशी?"

"माह्यं मी म्हनलं ना! मी खाल्लं म्हनलं. दुसऱ्याचं आपन कसं म्हनाव? पेशंटचं पेशंटजवळ राह्यते." मग काटा काढत म्हणाल्या, "त्या पोरीले सासूनं माहेरी धाडलं असतं. बरी हाय ना ते?"

"बरी आहे. आता गटाचं सगळं तीच बघते."

"हात पाहाते का सगळ्यायचे?"

"नाही. आता कुणी बघत नाही."

त्यांनी डाव्या हातानं मला आणखी भात वाढला. मला वाटलं विषय संपला. पण मग त्यांनी आपला उजवा हात, मासा लागलेला, माझ्यासमोर धरला. "ह्या हातानं त्यायची पोरं बाहेर काढली, गुरुजी. तुमची नात बी. तवा कोनी म्हनलं नाई, सिस्टर, हात नका लावू म्हनून."

त्यांना असं कडू बोलताना मी एवढंच ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. झोपेतच. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा निरोप गल्लीत आला तेव्हा जीप ठरवून सगळ्याजणी निघाल्या, काकूही आणि सूनही. हिंगणीत माणसं भरपूर जमली होती. आमच्या बायकांनी फुलं वाहिली, डोळे पुसले. एकीनं उठून दोन शब्दही सांगितले, सिस्टर आमच्या आईसारख्या होत्या म्हणून. मग पंगत बसली. सिस्टरच्या भावानं स्वतः येऊन हात जोडले, "बसा जी, दोन घास घ्या. बहिनीच्या जिवाले बरं वाटीन."

"आज उपास हाय," काकू म्हणाल्या.

"हो जी, आम्हाले बी," बाकीच्या म्हणाल्या. माझ्या बायकोनंही मान हलवली. सून खाली बघत होती. भाऊ तिच्यापाशीही आला, तेव्हा सासूनंच सांगितलं, "तिले बी उपास हाय."

त्या दिवशी कसलाही उपास नव्हता. भावाला ते कळलं, कारण त्यानं पाण्याचे पेलेही पुढे केले नाहीत. मी पंगतीत बसलो. वरण, भात, आलूवांग्याची भाजी आणि बुंदी होती. सिस्टरच्या पंगतीतला आमच्या गल्लीचा मी एकटा.

परत येताना सेलूला काकूंनी जीप थांबवायला लावली. गरम सामोसे निघत होते. सगळ्याजणी भराभर उतरल्या, द्रोण हातात घेतले आणि फुंकर मारत खाऊ लागल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं, असं त्याच एकमेकींना सांगत होत्या. माझ्या ओठांवर सिस्टरचं वाक्य आलं होतं, पण कुणाला म्हणणार?

सून जीपमधून उतरली नव्हती. काकूंनी खिडकीतून तिच्यापुढे सामोसा धरला.

"घे. गरम हाय."

तिनं हात पदराखालून बाहेर काढलाच नाही. "नाई. मले उपास हाय."

"कायचा उपास?"

"तुम्हीच त सांगितलं त्यायले," ती म्हणाली आणि काच वर केली.