मनोऱ्यातल्या मडमीची बोली

ती केस आठवली की आधी बायको आठवते, मग तो बंगला. केस माझ्या नोकरीतली, पण तिचं श्रेय बायकोचं आहे. ते कागदावर कुठे आलं नाही, म्हणून आता लिहितो. माझं शिक्षण सातवी. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन घरी बसलो. लिहिण्यात चूक असेल तर सांभाळून घ्या.

बायको गेली त्याच्या आदल्या दुपारी आम्ही ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "तुम्ही सालं कमी अन् लसूण जास्त फेकून राहिले." मी म्हणालो, "माले डोळ्याले दिसत नही." ती हसली. "चाळीस वर्षं झाली, अजून 'माले' म्हनता. 'मले' म्हना." ती मुक्ताईनगरजवळच्या बोदवडची, मी धुळ्याकडचा. आमच्याकडे 'माले', तिच्याकडे 'मले'. एका कान्यावरून आम्ही जन्मभर भांडलो. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही.

ती केस आली तेव्हा मी हवालदार होतो. धुळ्याजवळच्या ठाण्यात बीट माझ्याकडे होतं. मुक्ताईनगर तालुक्यातला एक माणूस रोज येऊन ठाण्याच्या बाकावर बसायचा. त्याची बहीण आमच्या हद्दीत, हायवेलगतच्या वस्तीत दिलेली. ती घरातून नाहीशी झाली होती. नवऱ्याचं म्हणणं, कुणाबरोबर तरी पळून गेली. मिसिंगची नोंद झाली, बिनतारी संदेश गेले, बसस्थानकं पाहून झाली. पळून गेली म्हटलं की लोकांची शोधायची हौस संपते. ठाण्यातही तसंच होतं. भाऊ एकच वाक्य बोलायचा, "साहेब, माही बहीन मले सांगितल्याबिगर जानार नाही."

खबर आली ती शाळेतून. बीटमधल्या एका गावात पांझरेच्या काठी इंग्रजांच्या वेळचा दगडी बंगला होता. टोकदार कमानी, एका अंगाला निमुळता मनोरा, पन्हाळीच्या तोंडाला दगडात कोरलेली वाकडी तोंडं. मालक परगावी. तिथे एक म्हातारा राखण करायचा, त्याला सगळे नाना म्हणत. गोष्टी सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मनोऱ्यात मडम रडते, ही त्याची गोष्ट गावातल्या दोन पिढ्यांनी ऐकलेली. शाळेच्या बाई मला म्हणाल्या, "हवालदार, तिसरीतली एक मुलगी स्वतः घोटभरही पाणी पीत नाही. बाटली भरून त्या बंगल्यावर नेते. भुताला पाणी पाजते म्हणते. पोरं तिला भूतनी चिडवतात."

मुलगी नानाच्या शेजारची. तिला आजोबा नव्हते, नानाच तिचा आजोबा. बाकीच्या पोरांना आवारात पाय ठेवू देत नसे, हिला खेळू द्यायचा. मला वाटलं, मनोऱ्यात कुणी दारूडा, फरारी लपला असेल. पण खाकी बघून पोरगी बाईंच्या पदरामागे लपली. आमची महिला शिपाई बंदोबस्ताला गेलेली. मी घरी आलो, बायकोला म्हणालो, चल.

बायको पोरीजवळ मातीत बसली. आधी भुताचं नावच काढलं नाही. वेणी कुणी घातली, शेळी कितींदा व्याली, असलंच बोलत राहिली. मला कंटाळा आला, मी दूर जाऊन उभा राहिलो. मग पोरगीच म्हणाली, "भूतले बी तीस लागस."

"तहान लागते? तुले कसं कळलं?"

"ते बोलस ना खालच्या खिडकीतून. 'मले पानी दे वं माय.'"

बायकोनं विचारलं, "माले, का मले?"

"मले," पोरगी ठासून म्हणाली. "त्याले धड बोलता येस नही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. उठून जवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "अहो, हे तं आमच्या तिकडलं बोलनं. तुमच्या बाकावर बसते तो मानूस असंच बोलते का?"

तो असंच बोलायचा. मी बाईंना विचारलं, नानाला मुलंबाळं किती? त्या म्हणाल्या, एकच मुलगा, हायवेच्या वस्तीवर राहतो, सुनेचं तोंड गावानं लग्नानंतर पाहिलं नाही. आम्हाला त्या बाईच्या नवऱ्यानं बापाचा पत्ताच दिला नव्हता, म्हातारा वारला म्हणून सांगितलं होतं.

साहेबांना फोन केला, ते जीप घेऊन निघाले. मी दोन पंच घेतले, बंगल्यावर गेलो. मनोऱ्याचं दार सागवानी, जुनं, वाळवी लागलेलं. कुलूप मात्र नवं कोरं. भुताला कुलूप कशाला लागतं? पहार आणायला एकाला पिटाळलं आणि तेवढ्या वेळात नानाला पायरीवर बसवलं.

माझा अनुभव असा, की खऱ्या माणसाला पोलिसांनी बसवलं तर तो आधी कारण विचारतो. नानानं विचारलं नाही. उलट, चहा मांडू का म्हणाला.

मी म्हणालो, "चहा राहू द्या. मडमीची गोष्ट सांगा."

त्यानं सांगितली. झकास सांगितली. गोरा साहेब तापानं मेला, मडम एकटी राहिली, मनोऱ्यात जाऊन बसली, अजून रडते. पंचसुद्धा माना हलवायला लागले.

"रडता रडता बोलते का काही?"

"बोलस ना भाऊ. पन इंग्रजीमा बोलस. आपल्याले काय समजनार?"

"मग नाना, इथे मुक्ताईनगरचं कोण बोलतं?"

त्याचा हात मिशीवरच राहिला. पंच एकमेकांकडे बघायला लागले. नाना म्हणाला, "चावी चुलीमागच्या डब्यात शे." आणि मग, "मारी नही मी तिले. पोराच्या विरुद्ध तक्रार द्यायले निघाली होती. डोकं ठिकाणावर येईपावेतो ठेवली." जसं काही जनावर दावणीला बांधलं होतं.

नानाचा पोरगा बायकोला मारहाण करायचा, बापानं सून आणून कोंडली, आणि त्यावर जुनी गोष्ट पांघरली. भाकरी टाकायचा, पाणी मोजकंच द्यायचा, म्हणजे ओरडायला घसा राहू नये. सून जिवंत सापडली, नानाला अटक झाली. खिडकीखाली पोरीच्या बाटलीचं निळं झाकण पडलेलं होतं, ते पंचनाम्यात आलं. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यानं तगली. तिचा भाऊ दवाखान्यात माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला बायकोकडे वळवलं. ती म्हणाली, "माह्या पाया नका पडू, पोरीच्या पडा."

पुढे जळगावहून एक इमारतशास्त्राचे मास्तर तो बंगला बघायला आले होते. म्हणाले, या बांधणीला गॉथिक म्हणतात. कमान टोकदार केली की खिडकी उंच करता येते, आत उजेड जास्त येतो. उजेडासाठी केलेली जागा माणसांनी भुताला देऊन टाकली. ती पोरगी आज कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती सांगते, आबा, आमच्या इंग्रजीत गॉथिक नावाच्याच गोष्टी असतात, त्यात असाच बंगला असतो, आणि भुताच्या आड बहुतेक वेळा माणूसच निघतो. मला त्यातलं फार कळत नाही. मला या केसनं एवढंच शिकवलं, की पोर जे बोलतं ते जसंच्या तसं ऐकावं, आपल्या भाषेत सुधारून घेऊ नये. तसं ऐकणारी बाई माझ्या घरात होती, हे माझं नशीब. तिचे आभार मी तोंडानं कधी मानले नाहीत, नवरा-बायकोत तशी रीत नव्हती. इथे मानतो.

पण सून सापडली त्या संध्याकाळी एक गोष्ट उरली होती. पोरगी जेवली नाही. नाना कुठे, एवढंच विचारत होती. घरच्यांनी ठरवलं, सुरतेला कामाला गेला म्हणून सांगायचं. बायको पोरीच्या आईला म्हणाली, "एका खोट्या गोष्टीनं तिचं हे झालं. आता दुसरी नका देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना विचारून मी साध्या कपड्यात गेलो. पोरगी, तिची आई, बायको आणि मी मनोऱ्यात गेलो. आत उन्हाचा लांब पट्टा पडला होता. पोरीनं चारी कोपरे पाहिले.

"मडम कोठे शे?"

"मडम कधीच नव्हती," मी म्हणालो. "एक बाई होती. नानानं तिला कोंडलं होतं. तू पाणी दिलंस."

"नाना खोटं सांगे?"

"हो."

तिनं दाराच्या कडीकडे पाहिलं. "मी सांगितलं म्हणून त्याले नेलं?"

"नाही. त्यानं कोंडलं म्हणून नेलं. तू सांगितलंस म्हणून ती बाई जगली."

तेव्हा ती रडली. भुताला घाबरून पोर रडतं तशी नाही, मोठं माणूस रडतं तशी, आवाज न करता. तिच्या आईनं पुढे व्हायला पाहिलं, बायकोनं तिचा हात धरला. ठाण्यात हजेरीची वेळ टळून चालली होती. मी खालच्या पायरीवर बसलो, आणि तिचं रडून होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.