दुखायचं थांबलं म्हणून भरीत केलं

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर माझ्या डाव्या पायाशी वाकून उभे होते. त्यांच्या हातात सुई होती. मी म्हणालो, "डॉक्टर, टोचायच्या आधी सांगा हं, मी दचकतो."

ते म्हणाले, "टोचून झालं. अंगठा, तळवा, घोटा, सगळीकडे टोचलं."

मला काहीच कळलं नव्हतं. डॉक्टर सरळ झाले आणि शेजारच्या दोन शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "कंपार्टमेंट सिंड्रोम. फार उशीर झालाय. गँगरीन." तिघांनीही माझ्याकडे न बघता माझ्या पायाकडे बघितलं. आजारी माणसाला खरी बातमी अशीच कळते, कुणी त्याच्याकडे बघायचं बंद केलं की.

हे शब्द तेव्हा मला माहीत नव्हते. आता इतके पाठ आहेत की झोपेतही सांगेन. आपल्या पोटरीतले स्नायू जाड पडद्याच्या कप्प्यांमध्ये बसलेले असतात. हाड मोडलं की आत सूज येते, पण कप्पा ताणला जात नाही. वरून पट्टी घट्ट असेल तर दाब आणखी वाढतो आणि रक्त आत शिरायचं बंद होतं. स्नायू गुदमरतो. त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. वेळेवर पट्टी सोडली, गरज पडली तर कातडी चिरून कप्पा मोकळा केला, तर पाय वाचतो. नाही केलं तर मांस मरतं आणि सडतं. त्या सडण्याला गँगरीन म्हणतात.

ज्या कुणाचं हाड मोडेल, किंवा ज्याच्या घरात कुणाचं मोडेल, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची, नुकतीच घरोघर केबल आली होती तेव्हाची. प्रमोद, विलास आणि मी जळगावच्या कॉलेजात एका वर्गात होतो. मी असोद्याचा. प्रमोदचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. परदेशातली पोरं चाकं लावलेल्या फळीवर उभी राहून डोंगर उतरतात, हे विलासने टीव्हीवर पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. आम्ही सागाची फळी मिळवली, लहान मुलांच्या तीनचाकी सायकलची रबरी चाकं काढली, गॅरेजातून बेअरिंग आणले आणि एका वेल्डरच्या डोक्याचं भुसकट करून ती गाडी उभी केली. पाय अडकवायला स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे लावले. ब्रेक नव्हता. ब्रेक लागेल असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही, आणि आम्ही तिघेही सायन्सचे विद्यार्थी.

तिला आम्ही नुसती फळी म्हणायचो. हिवाळ्यात सागाची पानं गळून पायवाटा मोकळ्या झाल्या की प्रमोदच्या गावामागच्या टेकडीवर जायचं, फळी डोक्यावर घेऊन चढायचं आणि ओरडत खाली यायचं. आदिवासी बायका मोळ्या घेऊन बाजूला उभ्या राहायच्या आणि हसून हसून वाकायच्या. सबंध आयुष्यात मी एवढा सुखी कधी नव्हतो. हे सांगायलाच हवं, कारण नंतर ज्याने त्याने मला विचारलं, "काय गरज होती?" गरज काहीच नव्हती. मजा येत होती.

त्या दिवशी वाळक्या पानांखाली दगड होता. फळी अडली, मी पुढे गेलो आणि पट्ट्यात अडकलेला डावा पाय मागे राहिला. काटकी मोडल्याचा आवाज आला. टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, मोडलं होतं. कातडी फाटली नव्हती, रक्त नव्हतं. साधं फ्रॅक्चर. धुळ्याचे डॉक्टर नंतर एक्सरे बघून म्हणाले, "याला नुसतं प्लास्टर पुरलं असतं." ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

प्रमोदचे वडील, नाना, हाडं बसवायचे. केळीची बाग सांभाळून हे काम करायचे आणि कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आसपासच्या गावांत त्यांचा शब्द शेवटचा. मित्रांनी मला फळीवरच आडवा करून त्यांच्या मळ्यात नेलं. नानांनी पाय हातात घेतला, एक हिसका दिला, मी बोंबललो.

"काय घाबरस रे भाऊ! साधं हाड शे. बठ्ठं नीट करी दिसू," ते म्हणाले, म्हणजे सगळं नीट करून देतो.

त्यांनी बांबूच्या कामट्या लावल्या, वरून अंबाडीची दोरी गुंडाळली, अगदी निगुतीने, पिळाला पीळ लावून. आणि पोरांना सांगितलं की सूज येऊ नये म्हणून वरून गार पाणी टाकत राहा. प्रमोद आणि विलास पाळीपाळीने विहिरीचं पाणी आणून टाकत होते. मला मळ्यातल्या खोलीत दोरीने विणलेल्या बाजेवर झोपवलं होतं.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो. खानदेशात बाज ज्याने विणली आहे त्याला माहीत आहे, ती ढिली पडली की दोरीवर पाणी मारतात. दोरी ओली झाली की आखडते, बाज ताठ होते. नानांच्या अंगणात चार बाजा होत्या. त्या घरातल्या प्रत्येकाने, माझ्यासकट, हे पाणी कधी ना कधी मारलेलं होतं. पण बाजेचं ज्ञान बाजेपाशी आणि पायाचं ज्ञान पायापाशी. दोन्ही एकत्र आणायचं कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी जे दुखलं ते मला लिहिता येत नाही. मोडलेल्या हाडाचं दुखणं मला आदल्या दिवशी कळलं होतं, हे वेगळं होतं. पोटरी आतून फुटेल असं वाटत होतं. बोटं टम्म झाली होती. प्रमोदने त्या पायाचा अंगठा नुसता वर उचलला तर मी त्याच्या तोंडावर लाथ मारली, उजव्या पायाने. मी म्हणत होतो, सोडा, दोरी सोडा, पाया पडतो. नाना आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"दुखस म्हंजे हाड जुळी ऱ्हायनं. पानी टाका रे!"

आणि पोरांनी पाणी टाकलं. मी दोरीला हात घालायचो म्हणून विलास माझ्या छातीवर बसला. मला हसवायला म्हणून तो प्राचार्यांची नक्कल करत होता. ते दोघं माझ्यावर जीव टाकत होते. मला कुणी दुष्टपणाने मारलं असतं तर मी त्याचं नाव घेऊन शिव्या तरी दिल्या असत्या. त्या दोन पोरांचं मी काय करू?

संध्याकाळी असोद्याहून माझे वडील आले. आबांनी माझा आक्रोश ऐकला, माझ्याकडे बघितलं आणि नानांसमोर हात जोडले. "उपकार झाले नाना तुमचे. पोरगं तुमच्या हाती आहे." मला म्हणाले, "जरा कळ काढ. एवढं काय बाईमाणसासारखं?" आणि शेवटच्या गाडीने परत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुखायचं थांबलं.

एकदम थांबलं. मी हसलो. प्रमोद धावत जाऊन नानांना घेऊन आला. नाना नेहमी कमी बोलायचे, पण त्या दिवशी फुलले होते. "मी सांगं व्हतं ना?" असं दोनदा म्हणाले. प्रमोदच्या आईला एवढा आनंद झाला की तिने भरिताचा बेत केला. कपाशीच्या काट्या पेटवून वांगी भाजली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी केल्या, शेजारच्या मळ्यातली माणसं बोलावली. मी बाजेवर बसून पोटभर खाल्लं. माझ्या पायातल्या नसा मेल्या होत्या म्हणून दुखत नव्हतं. माझ्या पायाच्या मरणाचं जेवण मी स्वतः दोनदा मागून घेऊन जेवलो.

चौथ्या दिवशी ताप आला. बोटं काळीनिळी पडली, कातडीवर पाण्याचे फोड आले, आणि वास येऊ लागला. लघवी चहासारखी झाली. नानांनी जीप बोलावली आणि ते स्वतः सोबत आले. जळगावच्या डॉक्टरांनी कात्रीने दोरी कापली. दोरी कातडीत रुतून बसली होती, ती सोलून काढावी लागली. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि लगेच म्हणाले, "धुळ्याला न्या. इथे थांबू नका."

निरोप मिळाल्यावर आबाही धुळ्याला येऊन पोचले होते. धुळ्याचे डॉक्टर शेतकऱ्याच्याच घरातले होते. त्यांनी आबांना विचारलं, "कशाने बांधलं होतं?" आबा म्हणाले, "अंबाडीच्या दोरीनं." "वर पाणी टाकत होता?" "हो, सारखं." डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, घरी बाज नाही का तुमच्या?"

आबा तिथेच खाली बसले. पंधरवडाभर त्यांनी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवला नाही.

आधी डॉक्टरांनी फॅशिओटॉमी केली, म्हणजे पोटरी दोन्ही बाजूंनी लांब चिरून कप्पे उघडले. आत जिवंत मांसाला चिमटा लावला की ते हलतं. माझं हललं नाही. मेलेल्या मांसाचं विष रक्तात गेलं होतं आणि किडन्या थकत चालल्या होत्या. डॉक्टर मला म्हणाले, "पाय ठेवला तर तू राहणार नाहीस. सही कर." सही बिलो नी अँप्युटेशनसाठी, म्हणजे गुडघ्याखाली पाय कापण्यासाठी हवी होती. ते म्हणाले, "गुडघा वाचतोय हे नशीब समज." मी त्यांना एक फार घाण शिवी दिली. ते म्हणाले, "दे अजून. पण सही कर."

आज त्यांचे आभार मानतो. तेव्हा मानले नव्हते.

वॉर्डात माणसं चौकशीला यायची. मोटारसायकल? ट्रक? मी सांगायचो, फळी. समोरच्या खाटेवरचे एक गृहस्थ सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, "ट्रक असता तर क्लेम तरी मिळाला असता." वॉर्ड हसला. मीही हसलो, आणि हसता हसता उशीत तोंड घालून रडलो.

नसलेला अंगठा खाजायचा. याला फँटम लिंब म्हणतात. पाय जातो पण मेंदूला ते कुणी कळवत नाही. आई विचारायची, "कुठी खाजू राह्यलं रे? आंगठ्याले?" आणि चादरीवरून त्या रिकाम्या जागी बोटं फिरवायची. डॉक्टरांना हसू येवो, मला बरं वाटायचं.

विलास एकदाच आला, दाराशी उभा राहिला आणि गेला. प्रमोद येत राहिला, पण माझ्या छातीपलीकडे त्याची नजर जात नसे. नाना आले नाहीत.

मला जयपूर फूट बसला. तो कसा वापरायचा हे शिकताना इतक्या वेळा पडलो की शेवटी पडण्याची लाज गेली. वर्षभराने चोपड्याच्या एस.टी.त शेजारी बसलेला एक माणूस बोलता बोलता मला म्हणाला, "असोद्याचा एक पोरगा होता. नानांनी पाय बरा करत आणला होता, डॉक्टरांनी उगाच कापून टाकला. नाना स्वतः सांगतात." माझ्याच पायाची गोष्ट तो मला सांगत होता. माझा पाय पँटमध्ये होता, त्याला काय कळणार! माझं डोकं असं फिरलं की मी मधेच उतरून तडक नानांच्या मळ्यात गेलो.

अंगणात एक तरुण बाई बसली होती, मनगट मोडलेलं, हात बांधलेला. तिची सासू सोबत होती. नाना तिच्यासमोर उकिडवे बसले होते. मी पँट वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "नाना, माझा पाय डॉक्टरांनी नाही नेला. तुमच्या दोरीनं नेला."

सासू उठली. "वयानं केवढा मोठा माणूस! काही लाज?" असं काहीतरी ती म्हणाली. नानांनी तिला हाताने खाली बसवलं.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "जळगावले दोरी कापी तवयच समजनं."

मी विचारलं, "मग लोकांना असं का सांगता?"

"लोकेसले काय सांगू मी? मंग माह्याकडे कोण येई?" त्यांनी त्या बाईच्या हाताकडे बोट केलं. मग म्हणाले, "आते पानी टाकत नही मी. दोरी बी नही. मऊ कपडा बांधस. रोज बोटं देखस."

मी त्या बाईचा हात पाहिला. मऊ सुती पट्टी होती, ढिली. मी तिला बोटं हलवायला सांगितली, तिने हलवली. नखावर दाबलं, नख पांढरं झालं आणि लगेच पुन्हा गुलाबी झालं.

तुमच्या घरी कुणाचं हाड मोडलं तर हेच बघा. बोटं हलतात का, नख गुलाबी होतं का. दुखणं वाढत गेलं तर पट्टी सोडायला लावा, भांडा, मारामारी करा. आणि दुखायचं एकदम थांबलं, तर आनंद करू नका, गाडी बोलवा.

ती बाई बरी झाली, महिन्या-दीड महिन्यात पापड लाटायला लागली, असं नंतर प्रमोदने सांगितलं. नानांनी तिच्या आधीही, नंतरही कितीतरी जणांची हाडं बसवली, आणि माझ्यानंतर कुणाचा हातपाय गेला नाही. ते सगळे नानांचं नाव घेतात. त्यांची बोटं गुलाबी राहिली याचा मला आनंद होतो, अगदी मनापासून होतो, आणि त्या आनंदाचा मला इतका राग येतो की कुणी समोर नसलं की मी उरलेला पाय जमिनीवर आपटतो.