पाणी येण्याआधीचा आवाज

रत्नमालाला झोपेतून उठवणं म्हणजे एक दिव्यच होतं. पाचोडजवळच्या माळावर, बाप मुंजाबाच्या मेंढरांच्या गलक्यात ती लहानाची मोठी झाली. लग्न होऊन शहरात, पुंडलिकनगरात आली, तर शेजारी घरांवर मजले चढत होते आणि काँक्रीटचा मिक्सर दिवसभर घरघरायचा. तरी ही बाई कूस बदलायची नाही. मात्र अंगणातल्या नळानं नुसता घसा खाकरला, की झोप असो वा काम, टाकून हंडा घेऊन हजर!

कारण त्या वर्षीच्या दुष्काळात नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही आलं तर. पाण्याआधी पाइपातली हवा सुटायची. आधी सूं, मग खर्र, मग फटाफट ठसके. साऱ्या गल्लीचे कान त्या आवाजाकडे लागलेले असत.

भाड्याची खोली मनकर्णाबाईंची. तेव्हा घरमालक आधी माणसं मोजायचे, मग भाडं सांगायचे. जास्त माणसं म्हणजे जास्त पाणी. मनकर्णाबाईंनी मात्र या बिऱ्हाडाला ठेवून घेतलं होतं. पण रत्नमालाच्या लेकीनं, अक्षदानं, त्यांचं डोकं उठवलं होतं. तिनं कॉलेजातल्या सत्यम आणि श्रेयाबरोबर ‘खडखडाट’ नावाचा हिपहॉप ग्रुप काढला होता. बोअरच्या गाडीचा धडधडाट, टँकरखालची हंड्यांची आदळआपट, सगळं मोबाइलमध्ये भरायचं आणि त्यावर भराभरा बोलायचं.

“ह्याला गाणं म्हणत्यात व्हय?” रत्नमाला विचारायची.

“गाणं नाय मम्मी, नॉइज आहे.”

“मग ते तर फुकटच मिळतंय की!”

मनकर्णाबाईंनी शेवटचं बजावलं होतं, “आता पुन्हा दणदणाट झाला, तर खोली खाली करायची.”

त्यापेक्षाही मोठी धास्ती वेगळीच होती. एका दुपारी, आसपास कुणी नाही असं समजून, मनकर्णाबाई कोरड्या नळासमोर कंबरेवर हात ठेवून ओरडल्या होत्या, “ये की रं मुडद्या! किती छळतो?” अक्षदानं खिडकीतून ते टिपलं आणि पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच गाण्याचं धृपद करून टाकलं. रत्नमालाला कळलं, तशी ती लेकीच्या मागं लागली.

“काढून टाक गं. आपल्याला दुसरी खोली कोण देईल?”

“वोच तो गाना है, मम्मी!”

रविवारी सकाळी अल्बम नेटवर चढला आणि अक्षदानं हौसेनं स्पीकर लावला. रत्नमाला भाकरी थापत होती. सूं... खर्र... फट्!

“पाणी आलं गं!” ती पिठाच्या हातांनी अंगणात धावली. तिचा कान म्हणजे गल्लीचा भोंगा. दारं उघडली, हंडे निघाले, कुणी मोटारीही चालू केल्या. नळ मात्र ठणठणीत कोरडे! आवाज रत्नमालाच्या खोलीतल्या स्पीकरमधून येत होता. सारी गल्ली दारात गोळा झाली, आणि सगळ्यांत पुढं हंडा घेऊन मनकर्णाबाई.

आता धृपद येणार! रत्नमाला वायर उपटायला धावली, तर त्या मेल्या स्पीकरला वायरच नव्हती. अक्षदा डोळे मिटून डोलत होती.

“ये की रं मुडद्या! ये की, ये की, ये की रं मुडद्या!”

साऱ्या माना मनकर्णाबाईंकडे वळल्या. रत्नमालाला क्रांती चौकात भांडीकुंडी घेऊन उभं असलेलं आपलं बिऱ्हाड दिसू लागलं. अक्षदानं डोळे उघडले आणि घाईघाईनं गाणं थांबवलं.

“माझा आवाज हाय का हा?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“हां काकू... सॉरी.”

“पुन्हा लाव.”

गाणं पुन्हा वाजलं. त्या मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी गल्लीच हसू लागली. मनकर्णाबाईंनाही हसू आवरेना. रत्नमाला तिथंच मनकर्णाबाईंचा हंडा पालथा घालून त्यावर बसली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

“काकू, मग... खोली?” तिनं चाचरत विचारलं.

“खोली कुठं पळती का?” मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि अक्षदाकडे वळून तिच्यावर खेकसल्या, “पण कार्टे, आधी सांगायचं तरी! तवा माझ्या तोंडात कवळी नव्हती. कवळी घालून नीट शिवी दिली असती की!”