उसाच्या फडावरचा जबाब

मिरच्या जळल्याचा वास आला की माझ्या डोळ्यांआधी कान भरून येतात. त्या वासात शेकडो माणसांचा खोकला असतो, आणि त्यावर स्वार झालेला एक खरखरीत आवाज: "तुमी खोकत ऐका, मी खोकत बोलते." ताईंच्या पहिल्या प्रचारसभेत विरोधकांनी वाऱ्याच्या तोंडाशी शेकोटी पेटवून तिच्यात पोतंभर मिरच्या ओतल्या होत्या. सभा तासभर चालली.

आमच्या भागातून लोकसभेत गेलेल्या त्या पहिल्या बाई. तुम्ही त्यांना टीव्हीवर पाहिलं असेल. मी त्यांची लेखनिक होते. मार खाल्लेल्या बायकांचे जबाब त्या स्वतः जाऊन घेत आणि सभागृहात शब्दाला शब्द तसेच वाचत. खाकी दिसली की बायकांची तोंडं मिटतात, म्हणून पोलीस संरक्षणही त्यांनी नाकारलं होतं.

मी कवितेच्या वाटेने आलेली. एकदा ‘अमानुष छळ’ असं लिहिलं. ताईंनी कागद परत सरकवला. "हे ‘अमानुष’ अंगात कुठं असतं गं? कुनी हानलं, कशानं, कुठं, ते लिही."

या गळीत हंगामात आम्ही श्रीगोंद्याकडच्या एका फडावर गेलो. पाथर्डीकडची एक ऊसतोड बाई तापाने पडून राहिली, म्हणून मुकादमाने कोयत्याच्या पाठीने तिचा हात मोडला होता. निळा पडलेला तो हात मांडीवर ठेवून ती सांगू लागली. ताई तिच्यासमोर उसाच्या पाचटावर बसल्या, त्यांना खेटून मी वही उघडली.

ट्रॅक्टरजवळ उभ्या मुकादमाच्या माणसांतला एक म्हणाला, "बाई, दिल्लीला जावा. हितं काय काम तुमचं?"

"तिथं सांगायला हितलंच लागतंय, बाळा," ताई न वळता म्हणाल्या.

पहिला दगड पाण्याच्या कळशीवर आदळला. दुसरा ताईंच्या कानशिलावर. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. रक्त भुवईवरून, पापणीवरून उतरलं आणि माझ्या वहीवर सांडलं, कोमट. ड्रायव्हरने त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. मी मागोमाग चढू लागले, तर त्यांनी मला ढकललं.

"तू थांब. तिचं राहिलंय."

तो आवाज मी पुन्हा ऐकला नाही. तिसऱ्या दिवशी ताई गेल्या.

जीपची धूळ बसली, तेव्हा ट्रॅक्टरजवळच्या मुठींत अजून दगड होते. "नको सांगूस," मी त्या बाईला म्हटलं, "तुला इथंच राहायचंय."

तिने चांगल्या हाताने पदराचं टोक धरून माझ्या वहीवरचं रक्त टिपलं. मग त्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"सांगते."