किडनीचं माहेर

नाशिकहून निघताना वसंताने गाडीची डिकी दोनदा उघडून बंद केली आणि विचारलं, "गोळ्या?"

मी खांद्यावरची पिशवी थोपटली.

"सगळ्या एकाच पिशवीत?"

"निम्म्या तुझ्या बॅगेत. एक पिशवी हरवली तरी दुसरी आहे."

"आणि उन्हात गाडीत राहिल्या तर?"

"माझ्याबरोबर उतरतील, माझ्याबरोबर चढतील. आता निघायचं का, की आणखी चौकशी बाकी आहे?"

माझा नवरा असा नव्हता. दीड वर्षापूर्वी माझी किडनी बदलली आणि तेव्हापासून घरात दोन गजर वाजतात, एक माझ्या फोनवर आणि एक त्याच्या डोक्यात. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, या वेळा चुकवायच्या नाहीत. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर तासभर पाण्याशिवाय काही नाही. या गोळ्या माझ्या अंगातली प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, नाहीतर शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतं. त्यामुळे दीड वर्ष मी घर, हॉस्पिटल आणि गॅलरीतली कुंडी एवढ्याच मुलखात फिरले होते. हा पहिला खरा प्रवास, आणि तो कुठे, तर बारामतीला.

बारामतीच का, ते सांगते. वसंताची किडनी मला जुळत नव्हती. बारामतीच्या आयुबभाईंना त्यांच्या बायकोची, शमीमवहिनींची, जुळत नव्हती. पण वसंताची आयुबभाईंना जुळत होती आणि शमीमवहिनींची मला. पुण्याच्या हॉस्पिटलने आमची गाठ घालून दिली आणि एकाच दिवशी चौघे चार टेबलांवर आडवे झालो. तेव्हापासून आम्ही सोयरे. शमीमवहिनींची किडनी माझ्या पोटात आहे, म्हणून त्या दर फोनवर म्हणायच्या, "ताई, एकदा माहेरी आना तिला." आणि मी निघाले होते.

पण वसंत वेगळ्याच कारणाने निघाला होता. शिरूर मागे पडल्यावर त्याने ते बोलून दाखवलं.

"आयुबभाईंचं क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, किडनी थकली की वाढतो) परत वाढलंय. मागच्या महिन्यात थोडं, या वेळी आणखी थोडं. सोमवारी पुन्हा तपासणी आहे."

"मला माहीत आहे."

"गोळी एकदाही चुकवलेली नाही म्हणतात. मग दोष कुणाचा?" तो समोर रस्त्याकडे बघत होता. "तुला त्यांनी चोख वस्तू दिली. आपण त्यांना कमअस्सल दिली असेल तर? कुठल्या तोंडाने जेवायचं त्यांच्या घरी?"

मी हसण्यावारी नेलं, पण तो रात्र रात्र कूस बदलत होता हे मला ठाऊक होतं. मला त्याची फार कीव आली. स्वतःचा अवयव काढून दिलेला माणूस आपण फसवणूक तर केली नाही ना, या भीतीने झुरत होता.

पाटस सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. एका रसवंतीपाशी थांबलो. उघड्यावरचा रस आणि बर्फ मला वर्ज्य. मी नको म्हटलं तर रसवंतीवाल्याच्या चेहऱ्यावर घरचं लग्न मोडल्यासारखा भाव.

"ताई, बर्फ न्हाय घालत. आलं-लिंबू मारतो. घेऊन तर बगा!"

"दादा, डॉक्टरांनी बंद केलाय."

"डॉक्टर पुन्याचा आसंल," तो म्हणाला आणि माझाही ग्लास भरला. तोही वसंतानेच संपवला. मी घरून आणलेलं उकळलेलं पाणी प्यायले आणि वसंताचा मनापासून हेवा केला.

आयुबभाईंचं घर जळोचीत, बारामतीच्या कडेला. एका बाजूला नवी बंगल्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला अजून कडवळ (ज्वारीचा हिरवा चारा) डोलत असलेली शेतं. आयुबभाई दारातच उभे होते. त्यांनी वसंताला मिठी मारली ती सुटेचना. माणूस रंगाने जरा उतरलेला वाटला, पण आवाज खणखणीत. "वसंतराव, तुमची वस्तू संबाळून ठिवलीय बरं का!" ते म्हणाले. वसंत हसला, पण अर्ध्या तोंडाने.

त्यांचं गावात बांगड्यांचं दुकान आहे. चहा झाल्यावर शमीमवहिनी खोकाभर बांगड्या घेऊन बसल्या आणि माझा डावा हात ओढला. मी घाईने मागे घेतला. त्या हातात डायलिसिसच्या दिवसांतला फिस्टुला (सुईसाठी जोडलेली फुगीर शीर) आहे. तिथे काही आवळायचं नाही.

"आगं बया, विसरलेच!" त्यांनी कपाळावर हात मारला. "यांच्याबी हाताला घड्याळ बांधू देत न्हाय मी. मग उजव्यात डबल भरू." आणि खरंच त्यांनी उजव्या हातात मनगटापासून वर चढत हिरव्या बांगड्यांची रांग लावली. मी एका हाताने वाजत आणि एका हाताने मुकी अशी घरभर फिरले.

रात्री नऊ वाजता फार मजा आली. दोन फोन एकदम वाजले. मी आणि आयुबभाई समोरासमोर बसलो, दोघांनी आपापल्या गोळ्या तळहातावर काढल्या, एकमेकांच्या नीट पाहिल्या आणि ग्लासाला ग्लास लावून गिळल्या. बिर्याणी तासभर झाकून ठेवली होती आणि आमचा तास भरल्याशिवाय घरातल्या कुणीही घास घेतला नाही. त्या तासात बिर्याणीचा जो वास येत होता त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण आताही भूक लागेल.

दुसऱ्या दिवशी, सकाळची गोळी आणि पोहे आटोपून, आम्ही चौघे पळसदेवला निघालो. इंदापूर तालुक्यातलं हे गाव उजनीच्या फुगवट्यावर (धरणाचं पाणी मागे पसरतं तिथे) वसलंय आणि तेच शमीमवहिनींचं माहेर. पर्यायाने माझ्या किडनीचंही. मे महिना, पाणी खूप ओसरलेलं. रस्ता वळला आणि समोर ते निळंकरडं पाणी पसरलेलं दिसलं, तशी मी गाडी थांबवायला लावली. दीड वर्षात एवढं मोठं, एवढं उघडं काही मी पाहिलंच नव्हतं. वसंताला न सांगता मी थोडं रडून घेतलं.

वस्तीवर (शेतातल्या घरी) शमीमवहिनींचे भाऊ सलीम धावत पुढे आले आणि आधी भुंकणाऱ्या काळ्या कुत्र्याला साखळीने बांधलं. "पाव्हण्यांला चावंल," म्हणाले. मागून अम्मा आल्या, शमीमवहिनींची आई. ठेंगणी, गोरी, डोळ्यांत सुरमा. त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सरळ माझ्या पोटावर हात ठेवला.

"बरी हाय का गं?" त्यांनी विचारलं. मला विचारलं की आत विचारलं, कळेना.

"मजेत आहे अम्मा," मी दोघींच्या वतीने उत्तर दिलं.

जेवणाआधी सलीमभाऊंनी होडीतून जुन्या देवळाकडे नेलं. एरवी हे देऊळ पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळस वर येतो, मग भिंती, मग खांबांवरची नक्षी. चिखलात उतरायचं नाही, अशी मला वसंताची सक्त ताकीद, म्हणून मी होडीतूनच पाहिलं. दगडावर पाण्याच्या रेघा उठल्या होत्या आणि कळसावर बगळे बसले होते. सलीमभाऊ म्हणाले, "आमचा आजा हितं रोज यायचा, धरण नव्हतं तवा. गाव हितंच हुतं." शमीमवहिनी मध्येच पाण्यात हात घालून म्हणाल्या, "मी पवायला हितंच शिकले, ताई. तुमच्या पोटात हाय ती बी माझ्यासंगं पवलीय." मी त्या पाण्याकडे पुन्हा नव्याने बघितलं.

जेवायला चिलापी (धरणातला मासा). तव्यावरून थेट ताटात, वाफाळती, आतपर्यंत शिजलेली. कच्चा कांदा, कोशिंबीर मी बाजूला ठेवली, पण मासे किती खाल्ले ते विचारू नका. वसंतही या प्रवासात पहिल्यांदाच पोटभर जेवला.

आणि मग अम्मा दोन पेले घेऊन आल्या. आत काळपट काढा.

"घे पोरी. कडुलिंबावरची गुळवेल हाय, तुळस, मिरी, वाईच गूळ. अंगात ताकद यिती. रोग जवळ फिरकत न्हाय." एक पेला त्यांनी आयुबभाईंना दिला आणि त्यांनी तो सवयीने तोंडाला लावला.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. "आयुबभाई, थांबा! हे तुम्ही नेहमी घेता?"

"दोन म्हैनं झालं," अम्मा कौतुकाने म्हणाल्या. "दर शुक्रवारी सलीम बाटली नेऊन देतो. जावई वाळल्यागत दिसला मला, म्हणलं ताकद पायजे."

वसंत ताटावरून अर्धा उठला. "आणि डॉक्टरांना सांगितलंत?"

आयुबभाई गोंधळले. "डॉक्टरांनी इचारलं, दुसरं काय औषध घेता का? मी न्हाय म्हणलो. ह्ये औषध कुठं हाय, वसंतराव? घरचा काढा हाय!"

शमीमवहिनींनी नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेतला. आयुबभाईंनी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवू शकते, ती आजपासून पूर्ण बंद. गोळ्यांचं प्रमाण मनाने बदलायचं नाही. सोमवारी ठरल्याप्रमाणे यायचं, रक्तातली औषधाची पातळीही बघू. याच्यामुळेच वाढलं असं आज नाही सांगता येणार. आणि यापुढे काढा, चूर्ण, चाटण, काहीही असो, आधी मला विचारायचं.

अम्मांना फोनवरचं सगळं समजलं नव्हतं, पण आमचे चेहरे समजले. "काय झालं गं?" त्यांनी मला विचारलं. माझ्या हिरव्या बांगड्यांच्या हाताने मी त्यांना शेजारी बसवलं.

"अम्मा, आम्ही आलो तेव्हा सलीमभाऊंनी कुत्र्याला का बांधलं?"

"पाव्हण्यांला चावंल म्हून."

"आमच्या पोटातही पाहुणी आहे. अंगातली ताकद म्हणजे राखणदार कुत्रं. इमानी आहे, पण त्याला पाहुणी ओळखता येत नाही. आमच्या गोळ्या म्हणजे त्याची साखळी. म्हणून ती सकाळ-संध्याकाळ न चुकता बांधायची."

अम्मांनी माझ्यापुढचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"म्हंजी म्या त्याला मटन खाऊ घालून साखळी सोडली व्हय?"

त्या एकदम रडायला लागल्या. "जावयाच्या जिवावर उठले मी!" आयुबभाई त्यांच्या पायाशी जाऊन बसले, "अम्मा, प्यालो तर मीच ना? ग्वाड लागायचा म्हणून प्यालो!" तो काढा किती कडू असतो हे माहीत असल्याने सलीमभाऊ आधी हसले, मग शमीमवहिनी, मग रडता रडता अम्माही. त्यांनी उठून सगळी बाटली नारळाच्या बुंध्याशी ओतली. "ह्याला तरी ताकद यिऊ दे," म्हणाल्या.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं, "इंदापूरला चला. माहेरवाशीण मोकळ्या हातानं जायाची न्हाय." इंदापूरच्या बाजारात त्यांनी दुकानदाराला चाळीसेक साड्या उलगडायला लावल्या आणि मी आवडली म्हटलेली प्रत्येक साडी "आंगाला टोचंल" म्हणून नाकारली. शेवटी त्यांच्या पसंतीची जांभळी मऊ सुती साडी माझ्या खांद्यावर पडली. नेसून बघते तर खरंच, टाक्यांच्या जागी काही टोचत नव्हतं. दुकानदाराने विचारलं, "अम्मा, लेक कुठं दिली?" त्या म्हणाल्या, "नाशकाला."

सोमवारी आयुबभाई-शमीमवहिनी पुण्याला तपासणीला गेले आणि आम्ही परतीला लागलो. त्या दिवशीचा आकडा फारसा हलला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट पाहू. वसंताने रस्ताभर रेडिओही लावू दिला नाही.

घरी आल्यावर दिवस आपल्या जागी गेले. गजर, गोळी, एक तास, चहा. पळसदेवचं ते उघडं पाणी मात्र डोळ्यांपुढून जाईना. मी किडनी बदललेल्या माझ्या मैत्रिणींना सांगत सुटले, हिंडा गं, पिशवी खांद्याला लावा आणि हिंडा. घाबरून घरात बसण्यासाठी कुणी आपल्याला स्वतःच्या पोटातलं काढून देत नाही.

तीन आठवड्यांनी, आमच्या चहाच्या वेळी, फोन आला. वसंताने घेतला. पलीकडे चौघे-पाचजण एकदम ओरडत होते. अम्मांचा आवाज सगळ्यांत वर. आकडा पहिल्यासारखा खाली आला होता, औषधाची पातळीही बरोबर होती. वसंत नुसता "हो, हो" म्हणत होता. फोन ठेवून तो माझ्यासमोर येऊन बसला.

"चोख आहे म्हणे माझी किडनी," तो म्हणाला.

"मला आधीपासून माहीत होतं," मी म्हटलं.

"तुला कसं?"

"तुझ्या पोटात राहिलेली तिची जुळी बहीण रोज माझ्यासमोर बसून चहा पिते की."