प्रॉम्प्टरची मुलगी

दहावीला आम्हाला एका जुन्या शोकांतिकेतला प्रवेश होता. त्यातले निम्मे शब्द भांडुपच्या आमच्या चाळीत कुणाच्या तोंडी नव्हते. माझे बाबा मात्र त्यांच्यावरच वाढलेले. गिरणीतल्या कामगारांच्या नाटकांत ते प्रॉम्प्टर होते, विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवायचे. संपानंतर गिरणी उघडलीच नाही आणि ते एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले.

चहा पिता पिता ते मला शिकवत.

"प्रतारणा म्हणजे काय गो?"

"फसवणूक?"

"नुसती फसवणूक नाय. भरवसो देवन केलेली. गिरणी सुरू होतली, सुरू होतली म्हणान आमका सांगत रवले, ती प्रतारणा."

किटाळ म्हणजे खोटा आळ. आगळीक म्हणजे मर्यादा सोडून वागणं. गाईड मी उघडलंच नाही.

चाचणीत माझे सगळे अर्थ बरोबर आले. मराठीचे सर आमचे वर्गशिक्षकही होते. त्यांनी माझा पेपर वर्गासमोर उंच धरला.

"कुणाचं बघून लिहिलंस?"

"कुणाचं नाही सर. बाबांनी शिकवलं."

"काय करतात बाबा?"

"वॉचमन आहेत."

वर्ग हसला. सरही हसले.

"आत्ता कुठलाही शब्द विचारा मला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. त्यांनी एकही विचारला नाही. लाल पेनाने शून्य काढलं आणि वडिलांना घेऊन ये म्हणाले.

बाबा ड्युटीवरून तसेच खाकी कपड्यांत आले. मला वाटलं, आता हे नाटकातलं अख्खं भाषण सरांच्या तोंडावर फेकणार. बाबांनी हात जोडले.

"चुकलं असेल पोरीचं. सांभाळून घ्या सर."

फाटकाबाहेर पडताच मी ओरडले, "मी कॉपी नाही केली!"

"म्हायत आसा माका."

"मग हात कशाला जोडलेत त्याच्यापुढे?"

"बोर्डाचो फॉर्म त्याच्या हातात आसा."

फॉर्म गेला. मी पास झाले, मराठीत शाळेत पहिली आले. निकालाच्या दिवशी सर म्हणाले, "पेढे कुठायत?" मी पुडा पाठीमागे धरून तशीच उभी राहिले. बाबांनी तो माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतः त्यांच्यापुढे धरला. सरांनी दोन उचलले. तेव्हा मला सरांपेक्षा बाबांचीच चीड आली, आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढे नोकरीत मलाही साहेबांपुढे मान खाली घालावी लागली, तेव्हा बाबांवरचा राग गेला. सरांवरचा गेलेला नाही. का जावा?