गव्हाणीतलं औषध

डॉक्टर भेटले की आधी पाठीवर हात ठेवायचे आणि बोटांनी आपल्या बरगड्या चाचपायचे. "अहो, लागू लागल्यात की! मेसमध्ये घालतात तरी काय तुम्हाला?" नवा माणूस दचकायचा. पण ते गुरांचे डॉक्टर, परभणीकडचे. गाईची तब्येत डोळ्यांआधी हाताला कळते म्हणायचे, आणि माणसांना त्यातून वगळायचं त्यांना काही कारण दिसत नसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कुवेतमध्ये, सुलैबियातल्या एका गोठ्यावर आम्ही एकत्र होतो. मी चारा खरेदीचं बघायचो. गाई दुधासाठी नव्हत्या. त्यांची वासरं वाढवून मांसासाठी विकली जात. डॉक्टर पक्के शाकाहारी. "तुम्हाला कसंतरी होत नाही?" मी एकदा विचारलं.

"होतं ना. पण जन्मताना तरी वासरू उपाशी नसावं, एवढं माझ्या हातात आहे."

एका थंडीत वासरं अशक्त जन्मू लागली. उभी राहत नसत, आचळ ओढायचं त्राण नसे. डॉक्टर त्यांचं अंग गोणपाटाने चोळत, चीक काढून बाटलीने पाजत. तरी काही गेलीच. आमचे म्हातारे कुवेती मालक, ज्यांना सगळे अरबाब म्हणत, भडकले. तरुणपणी मुंबईला ये-जा असल्याने त्यांना हिंदी येत असे. "डॉक्टर, तुम्हारा दवा खराब!"

"दवा बछडे को नहीं, माँ को चाहिए. इधर डालो," म्हणत डॉक्टरांनी गव्हाणीवर हात आपटला. आत नुसता भुसा होता. गाभण गाय आज काही देत नाही, म्हणून चांगला चारा विकायच्या जनावरांकडे जायचा. त्या भुशावरही थोराड गाई तुटून पडत आणि पहिलटकरणी मागे राहत.

डॉक्टरांनी मागणी केली: बारीक गाई वेगळ्या बांधा, शेवटच्या महिन्यांत त्यांना लसूणघास आणि थोडं जव द्या. "जाड्यांना मात्र वाढवू नका, वासरू अडतं."

"और नहीं हुआ तो?"

"तो मुझे घर भेज दो."

अरबाबनी मान डोलावली. उन्हाळ्यात डॉक्टरांच्या लेकीची बातमी आली: पहिलं बाळंतपण, माहेरी, नेमकं येत्या थंडीत. अरबाबशी केलेल्या त्या बोलीपायी डॉक्टरांनी त्यासाठीची रजाही पुढे ढकलली.

मग दर शुक्रवारी लेकीला फोन. "काय खाल्लंस? लाडू संपले का?" एकदा हसत हसत त्यांनीच मला सांगितलं, "पोरगी म्हणते, बाबा, मला गाईसारखं विचारू नका. मी म्हटलं, गाय ऐकते तरी गं!"

थंडी आली. पहिलटकरणींतली पहिली गाय सकाळी व्याली. वासरू ओलं, अंगातून वाफ निघत होती. आम्ही पुढे सरसावलो, तर डॉक्टरांनी हात आडवा धरला. "थांबा. त्याचं त्याला करू द्या." स्वतः मात्र ओठ चावत उभे. वासरू धडपडलं, पडलं, पुन्हा धडपडलं आणि चार पायांवर उभं राहून आईच्या पोटाखाली शिरलं. अरबाबच्या हातातला चहा तसाच निवून गेला.

बाकीच्याही बहुतेक गाई नीट व्याल्या. त्याच आठवड्यात परभणीहून नातीची बातमी आली. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "रडली का? दूध ओढते का?" उत्तर ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग ते रजेवर गेले, ते परत आलेच नाहीत. गुडघे कुरकुरतात, असा निरोप आला. खरं कारण पाळण्यात होतं, हे तुम्हीही ओळखलं असेल.

पुढच्या थंडीत पहिलं वासरू झालं तेव्हा अरबाबनी मला परभणीला फोन लावायला सांगितला. डॉक्टर लाइनवर आले. अरबाब "डॉक्टर, सुनो," एवढंच म्हणाले. मग ते अंगातल्या शुभ्र, पायघोळ दिशदाशानिशी ओल्या भुशात गुडघे टेकून बसले आणि मोबाइल हंबरणाऱ्या वासराच्या तोंडापाशी धरून राहिले.